आमच्या घरातले बारा अमेरिकन

आमच्या घरात बारा अमेरिकन सैनिक राहतात, असं मी एकदा वर्गात सांगितलं आणि बाईंनी मला बाकावर उभं केलं. मी खोटं बोलले नव्हते. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, सदाशिव पेठेत ड्रेपरीचं दुकान होतं. नाटकमंडळ्यांना, शाळांच्या गॅदरिंगला, गणेशोत्सवातल्या मेळ्यांना ते कपडे भाड्याने द्यायचे. दुकानाच्या मागे दोन खोल्या होत्या आणि त्यांत आप्पा, आई आणि मी असे तिघं राहायचो. राजे, मावळे, राक्षस, नारद हे सगळे दुकानातल्या कपाटांत असत. अमेरिकनांना तिथे जागा उरली नव्हती, म्हणून ते आतल्या खोलीत भिंतीवरच्या खुंट्यांना ओळीने टांगलेले. अंथरुणावर पडलं की समोर नुसत्या बाह्याच बाह्या. मला त्यांची भीती कधी वाटली नाही. मुक्कामी पाहुण्यांना मात्र त्या खोलीत झोप लागत नसे, आणि आईला ते सोयीचंच वाटत असावं.

हा माल डिस्पोजलमधला. मोठी लढाई संपल्यावर आसाम-ब्रह्मदेशाकडच्या अमेरिकन फौजा घरी गेल्या आणि त्यांचं सामान इथेच राहिलं. सरकारने ते विकायला काढलं. पुण्यातल्या शहाण्या माणसांनी तंबू, ब्लँकेटं, जीपचे टायर असल्या वस्तू उचलल्या. आप्पांनी कपड्यांचे बांधलेले गठ्ठे घेतले, कारण त्यांच्या डोक्यात नाटक होतं. कुठलं, ते विचारू नका. अमेरिकन सैनिक असलेलं नाटक तेव्हा त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. "लिहितील," आप्पा म्हणायचे, "कपडे तयार आहेत म्हटल्यावर कोणीतरी लिहील." पेठेतले लोक दुकानावरून जाताना विचारायचे, "काय आप्पा, पुढच्या लढाईची ऑर्डर आली का?" आप्पा म्हणत, "आली की तुम्हाला पुढे पाठवतो." मी जन्मले तेव्हा हा विनोद जुना झाला होता, आणि मी कॉलेजात गेले तरी चालूच होता.

नाटक येईपर्यंत सामान घरात कामाला लागलं. अमेरिकन शिरस्त्राणाचे दोन भाग असतात, बाहेरचं पोलादी टोपडं आणि आत हलकी टोपी. पोलादी भागात आई इस्त्रीचे निखारे काढून ठेवायची आणि आतल्या टोपीत कांदे-बटाटे. काडतुसांच्या कापडी पट्ट्याला ओळीने खिसे होते. त्यांत हूक, टिचबटणं, टाचण्या आणि सुया अशी वर्गवारी होती, आणि तो पट्टा कमरेला बांधून आप्पा दुकानभर हिंडायचे. घोट्यावर बांधायच्या कॅनव्हासच्या पट्ट्यांना लांबलचक नाड्या असत, त्या वळकट्या बांधायला. पाण्याच्या बाटलीखाली बसणारा धातूचा पेला आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडला. आकार पावट्याच्या दाण्यासारखा, मूठ दुमडून पोटाखाली जाणारी. मला ताप आला की आई त्यात मुगाचं कढण द्यायची आणि कडेने ओठ भाजायचा. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आज त्याच पेल्याने तांदूळ मोजले जातात. माझी नात कंपनीचं काम घरून करत असते. तिने परवा मोबाइलवर शोधून मला सांगितलं, "आजी, हा ओरिजिनल पीस आहे. लोक कलेक्शनमध्ये ठेवतात, आणि तू यात तांदूळ मोजतेस?" मी म्हटलं, "मग काय, सैनिक मोजू?"

हिवाळा हा आमचा सुगीचा काळ. शाळांची गॅदरिंगं सुरू झाली की घरात शिलाई मशीन, कोळशाच्या इस्त्रीचे दणके आणि गिऱ्हाइकांचे आवाज एवढंच ऐकू यायचं. स्वयंपाकाला वेळ नसे. सकाळी फोडणीचा भात, रात्री पिठलं-भाकरी, मध्ये कोणी मोठं गिऱ्हाईक आलं तर उप्पीट. रिठ्याचा फेस, खळीचं पातेलं आणि डांबराच्या गोळ्या यांचा मिळून एक वास होता. तुझ्या डब्यातल्या पोळीलाही तो येतो, असं मैत्रिणी म्हणायच्या. खरं असावं. आमच्याच नाकाला तो कळत नव्हता.

आप्पा त्या बारा गणवेशांचा अभ्यास करायचे. रद्दीतून आणलेल्या परदेशी मासिकांतले फोटो ते भिंग लावून बघत. त्यातून त्यांनी ठरवलं होतं की अमेरिकन पायदळाची सगळ्यांत लहान तुकडी बारा जणांची. एक सार्जंट, त्याच्या हाताखाली एक कॉर्पोरल, बाकी साधे शिपाई. सार्जंटच्या बाहीवर तीन फिती, कॉर्पोरलच्या दोन, आणि आपल्याकडच्या फितींचं टोक खाली असतं तसं नाही, टोक वर. आईने पहिल्यांदा त्या सवयीने खाली टोक करून शिवल्या होत्या. आप्पांनी उसवायला लावल्या. "वर काय नि खाली काय, आत माणूस तोच ना?" असं ती म्हणाली, पण उसवल्या. एकदा एका कॉलेजच्या मंडळाने एकांकिकेसाठी सैनिक मागितले. पोरं दुकानात आली आणि प्रत्येकाला तीन फितीच हव्यात. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आप्पा, आमच्यात दुय्यम कोणीच नाही, सगळ्यांचे रोल सारखे आहेत." आप्पांनी चष्मा काढून विचारलं, "मग हुकूम ऐकणार कोण?" ती पोरं शेवटी मावळ्यांचे कपडे घेऊन गेली.

फितींपेक्षा कडक नियम दुसरा होता. फाटका, मळका किंवा बिनइस्त्रीचा कपडा आमच्या दुकानाची पायरी उतरत नसे. भिकाऱ्याच्या वेषालासुद्धा आई व्यवस्थित चौकोनी ठिगळं लावायची, खळ करून इस्त्री मारायची, आणि मग तो भिकारी एखाद्या चांगल्या घरातला वाटायचा. नाटकवाले कुरकुरायचे. आई म्हणायची, "फाटकं नेसायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या घरून आणावं."

आईचा हात रफूचा होता. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा काढायचा आणि मूळ विणीबरहुकूम उभा-आडवा भरत जायचं, हे ती तिच्या माहेरी शेजारच्या एका रफूगाराकडून शिकली होती. अमेरिकन गठ्ठे उघडले तेव्हा त्यांत पुष्कळ कपडे कसरीने खाल्लेले होते, ते तिने एकेक करून भरून काढले. त्यात एक जाकीट निघालं. बाराही जणांत सगळ्यांत मोठ्या मापाचं, आत लोकरी अस्तर, आणि पुढे चेन असून तिच्यावर पुन्हा बटणांची पट्टी. त्याला डाव्या बरगडीवर एक भोक होतं, पाठीवर दुसरं, आणि दोन्हींभोवती तपकिरी डाग. कॉलरच्या आत, अमेरिकन धुलाईसाठी घालत तशी, एक अक्षर आणि चार आकड्यांची खूण होती. आई ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसली, असं आप्पा सांगायचे. मग तिने दोन्ही भोकं बुजवली, जाकीट धुतलं, डोक्यावरून अंघोळ केली, आणि त्या दिवशी घरात फोडणी दिली नाही, तळण केलं नाही. सुतक असल्यासारखं. आप्पांनी विचारलं तर म्हणाली, "त्याच्या घरी कळायला किती दिवस लागले असतील कोण जाणे. कोणीतरी पाळायला नको?" आमच्या दुकानाची खूण प्रत्येक कपड्यावर बिब्ब्याने घालायची पद्धत होती. त्या जाकिटावर तिने ती खूण अमेरिकन खुणेच्या खाली, जागा सोडून घातली. ते जाकीट कोणाला भाड्याने गेलेलं मला आठवत नाही. मागणीच नव्हती, हेही खरं.

घडी घातलेल्या कपड्यात गंजका खिळा घुसला तर असंच पुढून-मागून भोक पडतं आणि असाच डाग पडतो, हे मला मोठेपणी सुचलं. आईला मी ते सांगितलं नाही. आप्पांना तर ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार. गठ्ठे त्यांनीच सोडले होते.

मी मॅट्रिकच्या वर्षाला असताना मुंबईहून परब नावाचे गृहस्थ दुकानात आले. एका हिंदी सिनेमाच्या कपड्यांचं काम त्यांच्याकडे होतं. गोष्ट ब्रह्मदेशातल्या जंगलात अडकलेल्या अमेरिकन तुकडीची होती, आणि शूटिंग ब्रह्मदेशाऐवजी मुळशीच्या बाजूला होणार होतं. परबांनी आतल्या खोलीत पाऊल टाकलं, ती ओळ बघितली आणि खाली बसले. "आप्पा, हे तुम्ही कोणासाठी जपून ठेवलं होतं?" आप्पा म्हणाले, "तुमच्यासाठी. उशीर केलात." आई उप्पीट करायला उठली. परबांनी दोनदा मागून घेतलं. भाड्याचं बोलणं पटकन झालं, आणि मग आप्पा, ज्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, ते घसा साफ करून म्हणाले, "सुरुवातीला नावं येतात ना पडद्यावर, त्यात आमचं येईल का?" परब म्हणाले, "येईल की. डायरेक्टर माझ्या शब्दाबाहेर नाहीत. माझ्या नावाखाली टाकू." त्या संध्याकाळी आप्पा आरशासमोर उभे राहून मिशी कातरत होते आणि काहीतरी गुणगुणत होते. मी शाळाभर सांगत सुटले. या वेळी बाईंनी बाकावर उभं केलं नाही. पास मिळतील का, असं हळूच विचारलं.

परब जाताना बजावून गेले होते की तुकडी महिनाभर जंगलात अडकलेली आहे. आप्पांच्या कानात फक्त तुकडी गेली. मग पुढचे काही दिवस आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. बाराही गणवेश रिठ्यात भिजवले, घट्ट खळ केली, माशाच्या काट्यासारखी वीण असलेल्या त्या जाड कापडावर आप्पांनी स्वतः इस्त्री फिरवली. पँटच्या घड्या अशा बसल्या की हात लावायला धीर होईना. चांदण्यांची नक्षी असलेली धातूची बटणं मी चिंच लावून घासली. दंडावरच्या ढालीच्या आकाराच्या बिल्ल्यांचे निघालेले धागे आईने भरून काढले. परब ट्रक घेऊन आले, त्यांनी ओळ पाहिली आणि स्टुलावर टेकले. "आप्पा," ते म्हणाले, "हे जंगलात अडकलेत, की लग्नाला निघालेत?"

आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच घडत होतं की कपडे मुद्दाम मळवायचे. पर्वतीच्या पायथ्याची माती आणली, चहाचं पाणी उकळलं, कोपरांवर आणि गुडघ्यांवर वजरी घासली. आप्पा परबांना तीन फितींचा माणूस कुठे उभा राहील ते समजावून सांगत होते आणि परब "हो हो, पब्लिकला काय कळतंय" म्हणत पुढच्या शर्टावर चहा ओतत होते. शिळं अन्न पाहुण्याला वाढावं लागल्यासारखा आईचा चेहरा होता. मग परबांनी ते मोठं जाकीट खाली काढलं. हिरोच्या जिवलग मित्राचं काम करायला त्यांनी तालमीतला बाळू नावाचा पैलवान धरला होता, आणि त्याच्या अंगात दुसरं काही शिरत नव्हतं. मित्र मरतो, हे तर ओघाने आलंच. परबांनी खडूने डाव्या बरगडीवर फुली मारली. "वहिनी, इथे एक भोक पाडून द्या. गोळी लागते. पाठीवर पण एक."

आई म्हणाली, "आहे तिथे."

"काय आहे?"

"भोक. बुजवलंय मी."

परबांनी जाकीट उजेडात धरलं, बोटं फिरवली. त्यांना सापडेना. आईने नख ठेवून जागा दाखवली. "वा," ते म्हणाले, "मग तर सोपं झालं. उसवून टाका."

"नाही," आई म्हणाली. "एकदा मेलाय तो. परत परत कशाला मारायचा?"

परब वाईट माणूस नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मनात काही असेल तर आम्ही नारळ फोडू. मुहूर्ताला फोडतोच." आई म्हणाली, "नारळाने काय होतंय." परब आप्पांकडे वळले. या जाकिटावाचून मित्र उभा राहत नाही, मित्रावाचून सीन नाही, आणि तसं झालं तर हा सगळाच माल त्यांना मुंबईतून घ्यावा लागेल, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. म्हणजे आप्पांचं नावही गेलं. मला आईचा राग आला. साफ राग. ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अशा कोणाच्या तरी भोकापायी ती माझ्या वडिलांचं नाव घालवायला निघाली होती, आणि वर्गातल्या पोरी मला सोडणार नव्हत्या.

आप्पांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पट्ट्याच्या खिशात ठेवली. "जाकीट तिचं आहे," ते परबांना म्हणाले. "ती म्हणेल तसं." एवढं बोलून ते दुकानात जाऊन बसले. बाहेर गिऱ्हाईक नव्हतं. ते गल्ल्यावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले आणि आई दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे.

"तुमचं नाव येणार होतं ना?" तिने विचारलं.

"येणार होतं."

"अहो, एवढं हवंय तुम्हाला?"

आप्पा वळले नाहीत. "हवंय," म्हणाले. "पण तेवढंच म्हणजे काही सगळं नाही."

आई आत आली, आप्पांच्या दाढीच्या सामानातलं पातं घेतलं आणि जमिनीवर बसली. परब कात्री पुढे करत होते, तिने ती बाजूला सारली. "तुम्ही फाडाल. सुताने सूत काढायला हवं." तिने एकेक धागा ओढून काढला. भरायला लागला त्याहून वेळ कमी लागला असेल, तरी परबांचा चहा निवला. दोन्ही भोकं उघडी झाली तेव्हा तिने जाकीट टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "मी बरोबर येणार. हे एकटं जाणार नाही."

शूटिंगला आम्ही तिघंही गेलो. मुळशीच्या वाटेवर एका ओढ्याकाठी बांबू रोवून ब्रह्मदेश केला होता. तालमीतली पोरं, एका इराणी हॉटेलवाल्याचा गोरा पुतण्या आणि काही हौशी लोक अशी ती अमेरिकन तुकडी पावडर लावून, शिरस्त्राणं घालून उन्हात घामाघूम बसली होती. आप्पांनी सार्जंट शोधून त्याला मधे उभं केलं. थोड्या वेळाने कोणीतरी त्याला कडेला सरकवलं. आप्पांनी पुन्हा मधे आणलं. आई जाकीट मांडीवर घेऊन दगडावर बसली होती. बाळू पैलवानाला ते तिनेच घातलं, चेन लावली, वरची बटणंही लावली. मग परबांनी बरगडीवर लाल रंग ओतला आणि आईने तोंड फिरवलं.

बाळू पडला. हिरो धावत आला, "जॉनी" म्हणून ओरडला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डायरेक्टरने थांबवलं, कारण हिरोची सावली बाळूच्या तोंडावर पडत होती. बाळू उठला, कपडे झटकले आणि नेमका आईसमोर येऊन म्हणाला, "मावशी, चहा हाय का थोडा?" आईने त्याच्याकडे न बघता थर्मासमधला चहा ओतून दिला. दुसऱ्यांदा ढग आला. तिसऱ्यांदा हिरोला रडू येईना. दर वेळी बाळू मरायचा, उठायचा आणि चहा मागायचा. "मावशी, गूळ टाकलाय व्हय? बेस हाय." पुढे पुढे आई त्याच्याकडे बघायला लागली. एकदा तो पडल्यावर जरा जास्त वेळ पडून राहिला, कारण खरंच झोप लागली होती, तेव्हा ती अर्धवट उठून उभी राहिली. लोकांनी हाका मारल्या, तो डोळे चोळत उठला आणि सगळे हसले. आईही हसली. त्यानंतर ती त्याला ओरडून सांगायला लागली, "बाळू, उजवीकडे दगड आहे रे, डाव्या अंगावर पड." डायरेक्टर वैतागले. परबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते गप्प बसले. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत बाळू मरत होता, आणि घरून नेलेली शंकरपाळीही त्यानेच संपवली.

सिनेमा पुरा झाला नाही. कोणाचं कोणाशी फाटलं आणि तो डब्यात गेला. आप्पांनी ही बातमी परबांच्याच तोंडून ऐकली, "असू द्या" म्हणाले, त्यांना उप्पीट खायला घालून पाठवलं. पेठेतलं कोणी खवचटपणे विचारलंच, की आप्पा, तुमचं नाव कधी बघायला मिळणार, तर ते म्हणायचे, "डब्यात आहे. सुरक्षित आहे." ते असं म्हणाले की मला रडू यायचं, आणि ते बघून आप्पा आणखी दोन गिऱ्हाइकांना तेच ऐकवायचे. आज त्या बाबतीत मी शांत आहे. आठवण काढताना त्यांचा चेहरा आठवतो तो आरशासमोर मिशी कातरतानाचा, आणि तो चांगला होता.

पण हे सगळं पुढचं. शूटिंग संपून कपडे परत आले तेव्हा सिनेमा येणारच होता, आणि आमच्याकडे नेहमीसारखी धुलाई निघाली. माती गेली, चहाचे डाग फिके झाले, लाल रंग सोड्याच्या पाण्यात सुटला. आई रोज दुपारी एकेक कपडा घेऊन बसायची. घासलेली कोपरं, झिजलेले गुडघे, तुटलेले काज, सगळं तिने पूर्वीसारखं केलं. आप्पा इस्त्री करून एकेक गणवेश खुंटीला लावत गेले. शेवटी ते मोठं जाकीट आलं. आईने त्याची सुटलेली बटणं शिवली, कॉलरच्या आतली खूण एकदा बघितली, आणि दोन्ही भोकं तशीच ठेवून ते आप्पांच्या हातात दिलं.

आप्पांनी जाकीट उलटं केलं, सुलटं केलं. फाटका कपडा खुंटीला लावायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. "अगं," ते म्हणाले, "भोकं राहिली."

"राहू द्या."

"दिसतात."

आईने सुईतला धागा दाताने तोडला. "दिसू द्या की," ती म्हणाली. "आत कोणी नाही आता. उठून, चहा पिऊन गेला तो. मी बघितलंय."